कृपेची किंमत लेकरांच्या माथी मारू नये

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही ऐरोलीत राहतो. मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मी शिकवते. आमच्या गॅलरीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ते फोडून पाहिले, तर आत हिरव्या अळ्या होत्या, जिवंत पण लुळ्या पडलेल्या, आणि माशीचे पिल्लू त्यांतल्या एकीला खात होते. त्याने विचारले, 'आई, हे येशूबाप्पाने बनवले?' मला उत्तर देता आले नाही. मागच्या पावसाळ्यात घणसोलीला राहणाऱ्या माझ्या दादाची सहा वर्षांची मुलगी डेंग्यूने गेली. दफनाच्या वेळी लोक म्हणाले, देवाला सुंदर फूल हवे होते, त्याने खुडून नेले. तेव्हापासून दादा उपासनेला येत नाही. पाळकसाहेब म्हणतात, कृपा फुकट आहे, फक्त धरून राहा. ज्या कृपेसाठी मला काहीच मोजावे लागत नाही, तिची किंमत ही लेकरे आणि हे मुके जीव का मोजतात? येत्या रविवारी मला 'सृष्टीत दिसणारे देवाचे प्रेम' हा पाठ घ्यायचा आहे. घेऊ की नको?"

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुम्ही अळी आणि भाची यांना एका तराजूत घातलेले नाही आणि मीही घालणार नाही. परंतु दोघींचा प्रश्न एकाच श्वासात विचारलात, हे योग्य केलेत, कारण ज्या व्यवस्थेत त्या दोघी गेल्या ती व्यवस्था एकच आहे. कुंभारीण स्वतः फुलांतला मधुरस पिऊन जगते. अळ्या ती पकडते त्या पिल्लासाठी. मातीच्या कुपीत ती आधी अंडे घालते, मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळ्यांना ती ठार करत नाही, कारण मेलेली अळी कुजते आणि लुळी पडलेली अळी पिल्लाच्या कामी येईपर्यंत ताजी राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचेही असेच आहे. चावते ती फक्त मादी, आणि तिला रक्त लागते ते अंडी धरण्यासाठी. दोन्ही ठिकाणी एक आई आपल्या वंशाची तजवीज करत असते आणि त्या तजविजीत दुसऱ्या कोणाचे तरी शरीर खर्ची पडते. दुष्टपणा करणारा कोणी सापडत नाही, तरीही जे घडते ते निर्दय असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची घायाळ पक्षिणीवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. तिथले क्रौर्य माणसाचे आहे, त्यामुळे रागाला निदान एक पत्ता मिळतो. तुमच्या गॅलरीत तसा पत्ता नव्हता, आणि म्हणूनच तुमच्या मुलाने थेट बनवणाऱ्याचे नाव घेतले.

त्याचा प्रश्न पोरकट नाही. २२ मे १८६० रोजी चार्ल्स डार्विनने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात जवळजवळ हाच प्रश्न आहे. अळीच्या जिवंत शरीरात राहून तिला आतून खाणाऱ्या माश्या कोणा दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम त्यासाठीच घडवल्या असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, असे त्याने लिहिले. डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी १८५१ साली वारली होती, आणि ते दुःख त्याला आयुष्यभर पुरले. ग्रे स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती होता. तरीही त्या दोघांची मैत्री आणि पत्रव्यवहार पुढे चालूच राहिला. आपल्या मंडळ्यांनी यातून एवढे तरी शिकावे की असा प्रश्न विचारणारा माणूस शत्रू नसतो.

या प्रश्नावर सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर जीवशास्त्राचे. या माश्या नसत्या तर अळ्यांनी झाडाझुडपांवर पाने शिल्लक ठेवली नसती. एकाचे मरण हे दुसऱ्याचे अन्न असते आणि त्यावरच सगळ्यांचा तोल टिकून राहतो. ते खरे आहे आणि मुलाला अवश्य सांगावे. अळीला वेदना कितपत जाणवते यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, हेही सांगावे. पण तोल टिकतो म्हणून ज्याचा जीव गेला त्याचे नुकसान भरून येत नाही, आणि तुमच्या दादासमोर या उत्तराचा उच्चारही करू नये. दुसरे उत्तर असे की मुळात सगळे चांगले होते, आदामाच्या पापाने सृष्टी बिघडली. पापामुळे सृष्टीला किती सोसावे लागते हे मी नाकारत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो आभाळातून, पण पाण्याच्या वाटा आणि कांदळवने बुजवली होती ती माणसांनी. मात्र माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच्या जीवाश्मांतही दातांच्या खुणा आणि हाडांचे रोग सापडतात. त्यामुळे कुंभारणीच्या नांगीचा दोष आदामाच्या माथी मारून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. काही ख्रिस्ती अभ्यासक याबाबत वेगळे मत मांडतात हे मला ठाऊक आहे.

"देवाला फूल हवे होते" या वाक्याबद्दल मात्र मला सौम्य शब्द वापरायचे नाहीत. ज्यांनी ते म्हटले त्यांची माया खरी असेल, पण ते वाक्य खोटे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याची गोष्ट आहे. ती माणसे इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे येशूच विचारतो आणि नाही म्हणून सांगतो. त्या मृत्यूंमागचा देवाचा हेतूही तो सांगत बसत नाही. समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना पश्चात्ताप करायला सांगतो. आणि नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिरडीवर होता, तेव्हा येशूने तिला देवाच्या बागेची कथा ऐकवली नाही. त्याला तिचा कळवळा आला.

मग पवित्र शास्त्र सृष्टीच्या निर्दयपणाबद्दल काय म्हणते? आपण संडे स्कूलमध्ये जेवढे शिकवतो त्याहून फार अधिक म्हणते. जुन्या करारातल्या ईयोब या नीतिमान माणसाची लेकरे वादळात घर कोसळून मेली. त्याने देवाला जाब विचारला, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायापासून देव उत्तर देऊ लागतो तेव्हा तो त्याला गोंडस सृष्टी दाखवत नाही. दबा धरून बसलेली सिंहीण, भुकेने देवाकडे ओरडणारी कावळ्याची पिल्ले, वाळूत अंडी टाकून ती पायाखाली येतील हे विसरणारी शहामृगी असा एकेक प्राणी तो पुढे आणतो. ३९व्या अध्यायाच्या शेवटी गरुडाची पिल्ले रक्त पितात आणि जिथे प्रेते असतात तिथे गरुड असतो. म्हणजे देव आपल्या सृष्टीची वकिली करत नाही आणि तिच्यातले रक्तही झाकत नाही. ईयोबाच्या मित्रांनी मात्र सगळे समजावून सांगितले होते. दुःखाचे कारण, हेतू, उपाय, सगळे त्यांच्याकडे तयार होते. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर संतापतो आणि म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ज्याने आरडाओरड केली तो बरोबर ठरला. हे वचन तुमच्या दादाच्या बाजूने उभे आहे, आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ते त्याच्या घरी जाण्याआधी वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कृपेकडे येतो, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत धारदार वाक्य तिच्याबद्दल आहे. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद केला. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय आणि वधस्तंभाशिवाय कृपा, म्हणजे स्वस्त कृपा. चर्च ती खिरापतीसारखी वाटत सुटले आहे आणि त्यामुळे सर्वनाश ओढवतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाझी सत्तेपुढे मान तुकवणाऱ्या चर्चकडे पाहून ते हे लिहीत होते. त्यांची फिंकेनवाल्डे येथील पाळक प्रशिक्षण शाळा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याच वर्षी बंद केली. १९३९ साली ते अमेरिकेत सुरक्षित पोहोचले होते, पण आपल्या लोकांच्या संकटात वाटा घेतला नाही तर युद्धानंतर त्यांच्यात काम करण्याचा हक्क उरणार नाही, असे वाटून ते काही आठवड्यांतच परतले. १९४३ साली अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. सृष्टीतल्या वेदनेविषयी त्यांनी हा भेद केला नव्हता. तो मी तुमच्या प्रश्नाला लावून पाहतो आहे, तेव्हा चूकभूल माझी.

कृपा फुकट आहे, हे पाळकसाहेबांचे म्हणणे चूक नाही. आपल्या पुण्याईने ती मिळवता येत नाही आणि दुःख भोगून तिचे हप्तेही फेडता येत नाहीत. पण ती मोफत मिळते याचा अर्थ तिला मोल पडले नाही असा होत नाही; मोल दुसऱ्याने दिले आहे. "तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात" असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, आणि ते मोल म्हणजे देवाच्या स्वतःच्या पुत्राचे जीवन. इथे तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडते, अगदी स्पष्ट शब्दांत: तुमच्या भाचीने कोणत्याही कृपेची किंमत मोजलेली नाही. तिच्या मृत्यूने कोणाचा विश्वास वाढावा, कोणी धडा शिकावा, कोणाच्या आत्म्याचे भले व्हावे, अशी कोणतीही खरेदी झालेली नाही. तिचा मृत्यू हानी होती, निखळ हानी, आणि पौल तर मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो, देवाचा माळी म्हणत नाही. कृपेचे मोल आधी देवाने दिले आहे आणि त्यानंतर ते मागितले जाते त्याच्या मागे जाणाऱ्या मोठ्या, समजत्या माणसांकडून. लेकरांकडून आणि मुक्या जिवांकडून ते कधीच वसूल केले जात नाही. स्वस्त सांत्वन नेमके हेच उलटे करते: बोलणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, आणि सगळा भार मेलेल्या मुलीवर टाकला जातो.

वधस्तंभाने कुंभारणीचे कोडे सुटते असे मी म्हणणार नाही. पण देव त्या कोड्याच्या बाहेर सुरक्षित उभा नाही, एवढे तिथे दिसते. वधस्तंभावरचा येशू सृष्टीच्या नियमांतून सुटला नाही, त्याला तहान लागली, श्वास कोंडला, भाल्याने कूस फुटली, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे विचारत तो गेला. त्या हाकेला त्या क्षणी स्वर्गातून उत्तर आले नाही. रोमकरांच्या पत्राच्या ८व्या अध्यायात पौल लिहितो की सगळी सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो आहोत, आणि पुढच्या काही ओळींतच म्हणतो की पवित्र आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. जिवांचे कण्हणे देवाने स्वतःच्या कण्हण्यात घेतले आहे, अशी ही श्रद्धा आहे. तिच्यापुढे पुनरुत्थानाची आशा आहे, आणि कलस्सैकरांच्या पत्रानुसार ती आशा माणसांपुरती नाही, सगळ्या वस्तूंच्या समेटाची आहे. यशयाच्या ११व्या अध्यायातले एकत्र राहणारे लांडगा आणि कोकरू त्याच आशेत मोडतात. अळ्यांचे काय होईल याचा नकाशा मात्र आपल्याला दिलेला नाही, आणि तसा नकाशा काढून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मोल देणारी श्रद्धा प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायला आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. भुकेने माणूस कसा जातो हे त्यांनी घरातच पाहिले. त्या दुष्काळामागे देवाचा काय हेतू होता याचे स्पष्टीकरण देऊन त्यांना गप्प बसता आले असते. १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने आणि त्याहून वाईट गोष्टींनी घेरलेल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचे घर उभे केले. ज्या आगीत आपले घर जळाले तिच्यात दुसऱ्यांच्या लेकी आणायला परत जाणे, हे मोलाच्या कृपेचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्पष्ट मराठी रूप आहे.

यावरून तुमच्यापुरते काय, ते सांगतो. मुलाला खरे सांगा. "हो, ही माशीही देवाच्याच सृष्टीतली आहे. हे असे का आहे ते मला समजत नाही, आणि मलाही ते पाहून वाईट वाटले," एवढे नऊ वर्षांच्या मुलाला पेलते. त्याला कळवळा आला हा त्याचा दोष नाही. तो कळवळा त्याच्यात येशूसारखा आहे, असेही सांगा. त्याने घर फोडले म्हणून रागावू नका. पुढच्या वेळी न फोडता, रोज लांबून निरीक्षण करून वहीत लिहायला लावा.

रविवारचा पाठ घ्या, पण त्याला पूर्ण करून घ्या. मुले बहुधा खाडीतले फ्लेमिंगो काढतील. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, २०२२ साली ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, आणि ऐरोलीच्या मुलांना ते घरचेच वाटतात. काढू द्या. त्यांचा गुलाबी रंग ते खातात त्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून येतो, आणि खाडीचा चिखल कांदळवनाच्या कुजलेल्या पानांवर पोसला जातो, हेही त्यांना कळू द्या. नंतर स्तोत्र १०४ मोठ्याने वाचा, ज्यात सिंहाचे छावे देवाकडे शिकार मागत गर्जना करतात, आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. सृष्टीत देवाचे प्रेम दिसते, पण सृष्टी म्हणजे देवाच्या प्रेमाचा पूर्ण चेहरा नव्हे; तो चेहरा ख्रिस्ताचा आहे. पाठाचे शीर्षक बदलता आले नाही तरी एवढे वाक्य त्यात घाला.

दादाचे काम सर्वांत अवघड आहे आणि त्यात तुम्हाला वेळ आणि मन दोन्ही खर्चावे लागेल. त्याला उपासनेला येण्याचा आग्रह करू नका. घणसोलीला जा, वहिनींच्या हाताखाली काम करा, मुलीचे नाव घ्या, कारण वर्षभराने सगळे जण ते नाव घ्यायचे टाळू लागतात आणि आईबापांना ते फार लागते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर ते चांगले मित्र होते. दादा देवावर ओरडला तर ओरडू द्या आणि मध्ये पडून देवाची बाजू सांभाळू नका.

आणखी एक गोष्ट, जी दादाला नव्हे तर तुमच्या सोसायटीला सांगायची आहे. एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि अंडी भांड्याच्या कोरड्या कडेलाही महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो: पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर रिकामे करून घासून कोरडे करायचे आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे तपासायची. मंडळीतल्या तरुण संघाने पावसाळ्याआधी आणि पावसाळाभर आपल्या आणि शेजारच्या इमारतींत हे काम अंगावर घ्यावे. मात्र ते करताना दादाच्या घराचे उदाहरण चुकूनही देऊ नका. दुर्लक्ष झाले असेल वा नसेल, त्या बापाने ती शंका स्वतःला आधीच हजार वेळा विचारली असेल, आणि आपण तिच्यात भर घालायची नाही.

पाळकसाहेबांशी भांडू नका. ते जे म्हणतात ते अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे त्यांनाही कळत असावे. त्यांना एकटे गाठा आणि दादाच्या घरी जायला सांगा, प्रवचनाची वही न घेता आणि घाई न करता. तिथे काय बोलावे असे त्यांनी विचारले तर हे पत्र त्यांना वाचायला द्यायला माझी हरकत नाही.